सहा वाद्यांचं पाणी

आमच्या गावच्या आडाला उन्हाळ्यात दोर पुरत नसे. दिवाळीपर्यंत एका दोरात पोहरा पाण्याला टेकायचा. शिमगा झाला की शेजारणीचा दोर मागून आणून त्याला गाठ मारायची, आणि चैत्र सरता सरता तिसरा. आजी महिनेसुद्धा दोरांच्या हिशेबात सांगायची. "दोन दोरांवर पाणी हाय" म्हणजे होळी होऊन गेली. गाव माणदेशातलं, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं. माणगंगा नावाला नदी, एरवी वाळूचा रस्ता.

हे सगळं आठवलं ते गावापासून जवळजवळ आठ हजार किलोमीटरवर, एका पत्र्याच्या पाटीसमोर. पाटीवर लिहिलं होतं सेसरीम. आफ्रिकान्स भाषेत 'सेस' म्हणजे सहा आणि 'रीम' म्हणजे चामड्याची वादी. त्साउखाब नावाच्या कोरड्या नदीनं इथे खडकात एक घळ कोरली आहे, कुठे कुठे ३० मीटर खोल, वरून बघितली तर जमिनीला गेलेला तडाच. जुन्या काळी बैलगाड्यांतून जाणारे लोक इथे थांबत. तळाशी डबक्यात पाणी असे, आणि तिथवर बादली पोचवायला बैलांच्या सहा वाद्या एकीला एक बांधाव्या लागत. तेच नाव पडलं.

मी पाटीपाशी उभी राहून वाद्या मोजतेय आणि मैत्रीण हाका मारतेय, "अगं ये ना, ऊन चढतंय!"

आम्ही दोघी चाळिशी उलटलेल्या, सह्याद्रीत सॅक टाकून हिंडलेल्या. आषाढात पुण्यात छत्री उलटी होण्याइतका पाऊस चालू असताना आम्ही नामिबियाला निघालो, कारण तिथे जुलै म्हणजे कोरडा हिवाळा, प्राणी बघायला सगळ्यात चांगला काळ. घरी आईला सांगितलं, वाळवंटात जातोय. ती म्हणाली, "आपल्याकडचं बघून पोट भरलं नाही का तुझं?" तिचं सगळं बालपण त्याच आडावर पाणी ओढण्यात गेलेलं, त्यामुळे वाळवंट बघायला कोणी पैसे खर्च करतं यावर तिचा विश्वासच बसेना.

एक गोष्ट आधी सांगून टाकते. पाठीवर सॅक टाकून, मिळेल त्या बसनं हा देश फिरू असं वाटत असेल तर ते जमत नाही. मोठ्या गावांमध्ये बस आणि शेअर टॅक्सी आहेत, पण बघायच्या जागा त्या रस्त्यांवर नाहीतच. देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, आणि २०२३ च्या जनगणनेत माणसं जेमतेम ३० लाख. म्हणून राजधानीच्या, विंडहुकच्या हॉस्टेलात लोक एकमेकांना शोधतात. आम्हाला एक पोलिश नर्स भेटली, मुरमाच्या रस्त्यांवर गाडी चालवायची सवय असलेली. तिघींत मिळून टपावर तंबू असलेली एक पिकअप भाड्यानं घेतली. गाडी देणाऱ्यानं अर्धा तास शिकवणी घेतली: ८० च्या वर जायचं नाही, वळणावर ब्रेक दाबायचा नाही, दोन स्टेपन्या आहेत, दोन्ही लागतील. लागल्या.

विंडहुकमध्ये पहिल्या दिवशी नळाचं पाणी प्यायले आणि मग कळलं काय प्यायले ते. या शहराजवळ बारमाही वाहणारी एकही नदी नाही. त्यामुळे १९६८ पासून इथे सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळतात. गोरेआंगाब या जागी तो प्रकल्प आहे, आणि असं करणारं हे जगातलं पहिलं शहर. पोलिश बाईनं ग्लास खाली ठेवला. मी मात्र दुसरा भरून घेतला. आजीच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भांड्यांचं तुळशीला आणि अंघोळीचं शेवग्याला जायचं. वाया जाणारं पाणी असा प्रकारच तिला माहीत नव्हता. चव? साधी, पाण्याची.

सेसरीमच्या आतल्या कॅम्पवर मुक्काम असेल तर वाळूच्या टेकड्यांकडे जाणारं फाटक सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं. आम्ही त्याच्याही आधी उठलो होतो. थंडी अशी की तंबूच्या चेनला हात चिकटेल. आकाशात पूर्वेला मृग आडवा पडलेला, चक्क कुशीवर. आणि आग्नेयेला अगस्ती, आपल्याकडे क्षितिजाच्या धुरळ्यात कसाबसा दिसतो तो, इथे लखलखीत. लहानपणी ऐकलं होतं की अगस्ती ऋषी विंध्याला वाकवून दक्षिणेला गेले ते परतलेच नाहीत, आणि त्यांनी एका आचमनात समुद्र पिऊन टाकला. मी मैत्रिणीला म्हटलं, "ते कुठे गेले ते कळलं बघ. समुद्र प्यायलेल्या माणसाला हीच जागा शोभते." ती चहाच्या स्टोव्हशी झटत होती. गॅस गोठल्यासारखा फुरफुरत होता. "तू ऋषी बघ, मी पाणी उकळते," म्हणाली.

साठ किलोमीटर डांबरी, मग शेवटचे चारपाच किलोमीटर निव्वळ वाळू. तिथे चाकांतली हवा कमी करावी लागते. या वाळूचा प्रवास मला गावच्या एखाद्या म्हातारीच्या यात्रेसारखा वाटतो, लांबचा आणि उलटसुलट. ऑरेंज नदी ही वाळू पूर्वेकडच्या डोंगरांतून अटलांटिकमध्ये आणून टाकते, समुद्राचा प्रवाह ती किनाऱ्यालगत उत्तरेला ढकलतो, आणि वारा तिला पुन्हा जमिनीवर आणतो. कणांवरचं लोह जसजसं गंजतं तशी ती तांबडी होते, म्हणून किनाऱ्याजवळची टेकडी फिकट आणि आतली गेरूसारखी.

डेडव्ले म्हणजे या टेकड्यांच्या मधलं पांढऱ्या चिखलाचं वाळलेलं ताट. एकेकाळी त्साउखाब इथवर यायची, बाभळीच्या कुळातली झाडं तिच्या पाण्यावर वाढली. मग वाळू आडवी आली आणि नदीची वाट बंद झाली. झाडं मेली सहाशे-सातशे वर्षांपूर्वी, म्हणजे इकडे देवगिरीच्या यादवांचं राज्य मोडलं त्याच्या आसपास. आणि अजून उभी आहेत, काळी ठिक्कर. कुजायलासुद्धा ओल लागते, ती इथे नाही. फोटो काढणाऱ्यांची बरीच गर्दी होती. मी एका खोडाला हात लावणार होते, पण पुरातन वस्तूला लावू नये म्हणून मागे घेतला. पायाखालचा चिखल मात्र ओळखीचा होता: भेगाळलेला, कडा वर वळलेला. राजेवाडीच्या तलावात उन्हाळ्यात अश्शाच खपल्या निघतात, आम्ही पोरं त्यांची ताटं करून भातुकली मांडायचो.

आता फजितीकडे येते. सॉलिटेअर नावाच्या वस्तीपासून वॉल्विस बेपर्यंत सव्वादोनशे किलोमीटर मुरमाचा रस्ता आहे, आणि मधे गाव नाही, पंप नाही, दुकान नाही. गाडीसोबत पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन मिळाले होते. एक आम्ही भांडी घासण्यात उडवला (तिघींना तीन पातेली कशाला लागली कोण जाणे). दुसऱ्याच्या झाकणातला रबर झिजलेला होता, हे कळलं तेव्हा कुइसेब नदीच्या घाटात आम्ही गाडीच्या मागून ठिबकणारी रेघ बघत उभ्या होतो. रस्त्याच्या खड्डेखड्डे रेषांनी सबंध सकाळ कॅन हलवून रिकामा केला होता. हाताशी राहिलं तीन बाटल्या. जीवावर बेतलं असं म्हणणार नाही, जुलै होता, हवा थंड होती. पण तेवढ्यात टायर बसला. एक चाक बदलायला तासभर, त्या तासात एकही गाडी गेली नाही, आणि मी तीन बाटल्यांकडे ज्या नजरेनं बघत होते ती नजर माझी नव्हती, आजीची होती. "सांडू नगंस पोरी."

घाट उतरून पुढे रस्त्याकडेला एक ग्रेडर उभा होता. या देशात मुरमाचे रस्ते सपाट करणारे लोक आठवडेच्या आठवडे रस्त्यावरच राहतात, पत्र्याची खोली चाकांवर घेऊन. ग्रेडरवाला सावलीत जेवत बसला होता. उत्तरेकडचा, ओवाम्बो जमातीचा. आम्हाला "मेमे" म्हणाला, म्हणजे आई, बाई, आपल्या 'ताई-माई'सारखंच आदराचं. त्याला उलट 'टाटे' म्हणायचं हे आम्ही विंडहुकला शिकलो होतो. म्हटलं, तर तो खूश झाला.

पाणी हवंय म्हटल्यावर त्यानं आमचा कॅन नाही, आधी झाकण मागितलं. रबर बोटानं चाचपला, मान हलवली, आपल्या खोलीतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणला आणि कात्रीनं गोल कापून बसवला. मग पिंपाच्या तोटीखाली कॅन धरला. तोटी बंद केल्यावर शेवटचे चारसहा थेंब गळतात ना, त्यांच्याखाली त्यानं तळहात धरला, आणि ते पाणी मानेवरून फिरवलं. हे त्यानं आमच्याकडे न बघता केलं, सवयीनं. पैसे देऊ केले तर हसला.

मग त्याच्या ताटात काय आहे ते मी बघितलं. राखाडी, घट्ट गोळा, बोटांनी तोडून रानभाजीत बुडवून खायचा. "महांगू," तो म्हणाला. महांगू म्हणजे बाजरी! मी म्हटलं, आमच्याकडे हीच, पण थापून भाजतात. त्यानं ताट पुढे सरकवलं. आम्ही तिघींनी एकेक घास घेतला. आजी भाकरी करायच्या आधी पिठाला उकळतं पाणी घालायची तेव्हा जो वास उठतो, तोच. बाजरी मूळची आफ्रिकेतलीच, चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सहाराच्या दक्षिण कडेला लोकांनी ती पेरायला घेतली आणि मग ती समुद्रापलीकडे आपल्याकडे आली. म्हणजे माणदेशाचं पोट ज्या धान्यावर जगलं त्याचं माहेर याच खंडातलं. मी त्याला आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी दिली. त्यानं चाखली, डोळे मिटले, आणि डबाच ठेवून घेतला. हक्कानं.

कुइसेब नदीविषयी एक मजेची गोष्ट अशी की ती बहुतेक वर्षं समुद्राला पोचतच नाही, तरी एवढ्या मोठ्या वाळूला अडवून धरते. तिच्या दक्षिणेला तांबड्या टेकड्यांचा समुद्र, उत्तरेला खडीचं सपाट मैदान. वाळू नदीच्या पात्रात उतरते, आणि कधीतरी येणारा पूर ती झाडून नेतो. वर्षातून चार दिवस कामावर येऊन घर चालवणारी बाई असावी तशी.

किनाऱ्यावर स्वाकोपमुंडला धुकं. अंटार्क्टिकाकडून येणारा बेंग्वेला प्रवाह इतका थंड की समुद्रावरची हवा धुकं होते, पण पाऊस होत नाही. किनाऱ्याला वर्षाला २० मिलिमीटरसुद्धा पडत नाही. तिथला एक भुंगा टेकडीच्या माथ्यावर डोकं खाली, पाठ वर करून वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. पाठीवर धुक्याचे थेंब जमतात आणि ओघळून तोंडात येतात. आम्ही पहाटे वाटाड्याबरोबर दोन तास फिरलो. भुंगा शीर्षासन करताना दिसला नाही, फक्त त्याच्या पावलांची शिवण दिसली वाळूत. वाटाड्या म्हणाला आज धुकं त्याच्या मनासारखं नाही. केप क्रॉसला हजारो सील पाहिले आणि त्यांचा वास दोन दिवस स्वेटरमधून गेला नाही. तिथे पोर्तुगीजांनी पंधराव्या शतकात दगडी क्रूस रोवला होता; पंचवीसेक वर्षांत ते गोव्याला पोचले, यावरून त्या किनाऱ्यावर थांबण्यासारखं त्यांना काय मिळालं असेल ते समजावं.

स्वाकोपमुंडला हेरेरो जमातीच्या बायका दिसतात, घोळदार झगे आणि गुरांच्या शिंगांसारखं आडवं शिरोवस्त्र. तो झगा जर्मन मिशनऱ्यांच्या बायकांकडून आलेला, त्यांनी तो आपला करून टाकला. एका बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईला मी फोटोसाठी विचारलं, ती "नको" म्हणाली आणि मग आपणहून बोलत बसली. १९०४ साली हेरेरो तेव्हाच्या जर्मन राज्यकर्त्यांविरुद्ध उठले. वॉटरबर्गच्या लढाईनंतर सैन्यानं त्यांना ओमाहेकेच्या वाळवंटात हाकललं आणि पाणवठ्यांवर पहारे बसवले. माणसं आणि गुरं तहानेनं मेली. उरलेल्यांना छावण्यांत कोंडलं. जर्मनीनं याला वंशसंहार म्हटलं ते २०२१ साली. ती बाई हे सांगताना आवाज चढवत नव्हती. एवढंच म्हणाली की आमच्यात अजून कोणी आलं तर आधी पाणी देतात, मग नाव विचारतात. आमच्याकडेही, मी म्हटलं. आणि लगेच गप्प बसले, कारण आमच्याकडच्या आडावर कोणाला पाणी काढू देत आणि कोणाच्या ओंजळीत वरून ओतत, तेही मला माहीत आहे. आजीनंसुद्धा वरूनच ओतलेलं आहे.

इटोशाचं अभयारण्य खरं तर सगळ्यात शेवटी झालं, पण आधी उरकते. मधोमध ४,८०० चौरस किलोमीटरचं मिठागरासारखं पांढरं मैदान, त्याच्या कडेनं झरे आणि पाणवठे. आम्ही मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला मचाणावर बसलेल्या, रात्रभर एक अस्वल आणि खूपसे डास मोजून आलेल्या. त्यामुळे ओकाउकुएयोला कॅम्पच्या भिंतीला लागून पाणवठा, त्यावर दिवे आणि समोर बाकं, हे जरा फसवणुकीसारखं वाटलं. चहाचा कप घेऊन गणना! पण रात्री साडेदहाला काळा गेंडा आला, पिल्लासकट, आणि बाकांवरची साठेक माणसं अशी गप्प झाली की त्याच्या पाणी पिण्याचा आवाज ऐकू यायला लागला. गुटूक, थांब, गुटूक. मेळघाटात ऐकलेला अस्वलाचा आवाज जास्त घाईचा होता. तो गेल्यावर हत्ती आले, मैदानाच्या धुळीनं चुन्यासारखे पांढरे, आणि त्यांनी जिराफांना तासभर पाण्याच्या जवळ फिरकू दिलं नाही. पाणवठ्यावर मानपान असतोच.

मला सांगायचा आहे तो हुआब नदीचा सकाळचा एक तास. डामारालँडमध्ये. नदी म्हणजे पुन्हा वाळूच. इथले हत्ती या कोरड्या पात्रांतून वरखाली हिंडत जगतात. १९९६ च्या कायद्यानं वन्यप्राण्यांचा अधिकार इथल्या लोकांच्या संस्थांना मिळाला, त्यांच्यातलाच एक डामारा मुलगा आमचा वाटाड्या होता. त्याच्या भाषेत जिभेचे चार वेगवेगळे टचकारे आहेत. आपण 'च्च च्च' करतो तो एक, घोड्याला हाकायचा दुसरा, पण ते शब्दाच्या मधे आले की माझी जीभ अडकायची. तो हत्तींवर प्रेमानं वगैरे बोलत नव्हता. गेल्या वर्षी एका हत्तिणीनं त्याच्या मावशीची पाण्याची टाकी फोडली, आता गावानं टाकीभोवती माणसाच्या उंचीची दगडी भिंत बांधली आहे. "टूरिस्ट हवेत म्हणून हत्ती हवेत," तो सरळ म्हणाला. "आणि मावशीला दोन्ही नकोत."

वळणावर त्यानं इंजिन बंद केलं. पात्राच्या मधोमध एक हत्तीण उभी होती. तिनं पुढच्या पायाच्या टाचेनं वाळू खरडायला सुरुवात केली, एका लयीत, मग सोंडेनं ती उचलून बाजूला टाकली. पुन्हा पाय. खड्डा गुडघाभर झाल्यावर थांबली. काहीच करेना. "आता का थांबली?" मैत्रिणीनं हळूच विचारलं. मला ठाऊक होतं. पाणी पाझरून यायला वेळ लागतो. पाच-सात मिनिटांनी तिनं सोंड आत घातली आणि पहिलं पाणी बाजूला फुंकून दिलं, गढूळ होतं. परत थांबली. मग प्यायली.

उन्हाळ्यात आड आटला की आजी माणगंगेच्या पात्रात जायची. पहाटे, कारण उशिरा गेलं तर दुसरीचा नंबर. कोपरभर वाळू उकरायची, पहिलं गढूळ पाणी करवंटीनं उपसून टाकायचं, मग हंडा शेजारी ठेवून बसायचं. एक करवंटी भरायची, ओतायची, पुन्हा थांबायचं. १९७२ च्या दुष्काळात तर म्हणे एक हंडा भरायला सूर्य डोक्यावर यायचा. मी लहान असताना एकदोनदा तिच्यासोबत गेले होते आणि कंटाळून रडले होते.

मी वाटाड्याला म्हटलं, "आमच्याकडे याला झिरा म्हणतात."

"सिरा," तो म्हणाला.

"झिरा."

"सिरा." त्याला 'झ' काही जमेना. मग त्यानं त्यांच्या भाषेतला शब्द सांगितला, सुरुवातीलाच टचकारा असलेला. मी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तो इतका हसला की हत्तिणीनं कान उभे केले, आणि आम्ही दोघंही गप्प बसलो.

ती गेल्यावर खड्ड्यात वीतभर पाणी राहिलं होतं. आधी दोन कबुतरासारखे पक्षी उतरले. मग काठावर एक कोल्हा, आमच्याकडे बघत, बराच वेळ. आम्ही गाडी मागे घेतली तेव्हा तो खाली उतरला.